चिंचेने घासलेली नाणी

जुन्नर तालुक्यातला एक शेतकरी पुतण्याच्या ओळखीने पुण्यात आमच्या संस्थेत आला. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात नाणी होती. विहीर खणताना गाडगं फुटलं, त्यात सापडलेली. डबा उघडला आणि माझा चेहरा पडला. नाणी चकाकत होती.

"चिंच लावून घासली, मॅडम. पार हिरवी पडलेली," तो कौतुकाने म्हणाला.

सातवाहनांची, बहुतेक पोटीनची, म्हणजे तांबं, शिसं, कथील यांच्या स्वस्त मिश्रधातूची. एका बाजूला सोंड उचललेला हत्ती, दुसरीकडे चार वर्तुळं जोडणारी फुली, म्हणजे उज्जैन चिन्ह. हत्तीवरची अक्षरं मात्र चिंचेने आणि नारळाच्या शेंडीने खाल्लेली. राजाचं नावच गेलं.

"गाडगं कुठंय?"

"टाकलं. त्याचं काय करायचं?"

चांगली नाणी त्याने बुधवारी जुन्या बाजारात दाखवली होती. एकाने मोजकी निवडून भाव सांगितला, उरलेली भंगारात घाला म्हणाला.

नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये क्षहरात घराण्यातल्या नहपान या शक क्षत्रपाची १३ हजारांवर चांदीची नाणी मिळाली. त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप मारलेला. क्षहरातांच्या पाडावाचा एवढा मोठा पुरावा हाती लागला तो साठा एकत्र तपासला गेला म्हणून. नाणी सुटी विकली गेली असती तर हे प्रमाण कोण मोजणार होतं?

व्यापार कायदेशीर करा, तस्करी आपोआप थांबेल, असं म्हणणारे माझेही मित्र आहेत. पण १९७२ च्या कायद्याने परवाना घेऊन देशात पुरावस्तू विकता येतातच. खासगी निर्यातीला बंदी आहे. आणि दुकानदार परवान्याचा असो की चोरटा, गिऱ्हाइकाला देखणं नाणंच हवं असतं. फुटक्या गाडग्याला, म्हणजे सोबतच्या पुराव्याला, कोण विचारतो?

खरी अडचण त्याच्या पुढच्या प्रश्नात होती. "कलेक्टरला दिली तर मला काय?"

१८७८ च्या निखात निधी (जमिनीत पुरलेलं धन) कायद्यानुसार सरकारने साठा घ्यायचं ठरवलं, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा. पोटीनची किंमत ती काय! हा कायदा आपल्याला देऊन गेलेल्या इंग्रजांच्या देशात १९९६ च्या कायद्याने बाजारभावापर्यंत बक्षीस मिळतं, शोधणारा आणि जमीनमालक ते वाटून घेतात. बाजार खुला करायच्या गप्पा नंतर मारू, आधी हा हिशेब बदला.

तो हसला. "म्हणजे एसटीचं भाडंही सुटायचं नाही." तरी अर्ज लिहायला बसला. मी त्याला गावी भावाला फोन लावायला सांगितलं : गाडग्याच्या खापऱ्या मिळतील तेवढ्या गोळा कर, धुऊ नकोस.

भाऊ पलीकडून मोठ्याने म्हणाला, "खापऱ्यांचे पण पैसे देत्यात का?"