शेपटापासून गुंडाळलेली ट्यूब

"मावशी, हे लावलं की दोन दिवसांत मुरुम बसतात, पण थांबवलं की दुपटीने उठतात," असे म्हणत भाचीने आज पर्समधून शेपटापासून घट्ट गुंडाळत आणलेली एक ट्यूब काढली.

चष्मा लावून मी त्यावरची बारीक अक्षरे वाचली. बीटामेथासोन, म्हणजे स्टिरॉइड. त्याने लाली आणि सूज तात्पुरती दबते. पण महिनोन् महिने लावत राहिल्यास त्वचा पातळ होते, केसाएवढ्या रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि मुरुम नव्याने येतात. तिच्या गालांवर हे सारे दिसत होते. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नसतात, तरीही तिला ती कोपऱ्यावरच्या दुकानात मागताच मिळाली होती.

घरच्यांनी तिचे शेंगदाणे आणि तळण बंद केले होते (साखर, मैदा कमी केल्याने काहींना फरक पडतो, हे खरे), ट्यूबबद्दल मात्र कोणीही विचारले नव्हते.

उद्या आम्ही त्वचारोगतज्ज्ञांकडे जात आहोत. मलम एकदम थांबवायचे की हळूहळू, हे त्यांनीच ठरवायला हवे. मुरुमांच्या योग्य उपचाराचा गुण दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात, हे ऐकून ती रडवेली झाली.

तुमच्या घरातल्या मुलांच्या ट्यूबवरची बारीक अक्षरे तुम्ही वाचली आहेत का?