किल्ला कोर्टात रिमांड ऐकायला जाताना

काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाला एका खासगी, म्हणजे पोलिसांऐवजी थेट कोर्टात केलेल्या फिर्यादीत समन्स आलं. आदेशाची नक्कल काढली तर त्यात एकच ओळ होती: ‘फिर्याद वाचली, प्रोसेस काढा.’ प्रोसेस म्हणजे समन्स; का काढा, ते कुठेच नाही. त्या ओळीपायी त्याने तीन वर्षं तारखा केल्या. सुरुवातीलाच न्यायाधीश काय विचारतात, काय लिहितात, हे प्रत्यक्ष पाहायचं तेव्हापासून मनात होतं. भाचा एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणाला, ‘मामा, चला मुंबईला, मी येतो सोबत.’

नाशिकहून पंचवटीने सीएसएमटीला उतरलो आणि आझाद मैदानाच्या कडेने चालत किल्ला कोर्ट गाठलं. सुनावणी खुल्या न्यायालयात होते, कुणीही बसू शकतं. फक्त मोबाईल बंद ठेवा, मागच्या बाकावर बसा आणि वकिलांची जागा अडवू नका. आधी बाहेर लावलेला बोर्ड वाचा. बोलताना लोक अजून ‘मेट्रोपॉलिटन मॅजिस्ट्रेट’ म्हणतात, पण 1 जुलै 2024 ला भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, आली तेव्हा ते पद गेलं.

सकाळी बहुतेक तारखाच पडल्या. घाई असेल तर जेवणाच्या सुटीनंतर या. आम्ही मधल्या वेळेत धोबी तलावाला क्यानीत चहा आणि ब्रून मस्का घेतला.

दुपारी रिमांडचे, म्हणजे कोठडी द्यायची का हे ठरवायचे आरोपी आणले. प्रवासाचा वेळ सोडून अटकेपासून 24 तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करायचं, हे थेट संविधानाच्या अनुच्छेद 22 मध्ये आहे. एकेक प्रकरण दोन-तीन मिनिटांत संपत होतं. एका ठिकाणी मात्र दंडाधिकारी मॅडम थांबल्या. तपास अधिकाऱ्याला म्हणाल्या, ‘चार दिवस कोठडी घेतलीत, त्यात काय केलं?’ त्याने मोबाईल जप्त करायचा राहिलाय असं सांगितलं. मॅडमनी कागद उलटले. ‘मोबाईल तर पंचनाम्यात आहे.’ पीसीआर (पोलीस कोठडी) नाकारली, एमसीआर (न्यायालयीन कोठडी) दिली, आणि का नाकारली ते स्टेनोला सांगितलं. चारच वाक्यं. मी ती कान देऊन ऐकली.

शेजारच्या मावशींनी विचारलं, ‘दादा, एमसीआर म्हणजे सुटला का हो?’ नाही म्हणताना जीव जड झाला. तुरुंगात जाईल, पण आता जामिनाचा अर्ज नेटाने चालवता येईल, वकिलांना आजच विचारा, एवढं सांगितलं.

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांचा अहवाल यांत्रिकपणे मान्य करू नका, स्वतःचं समाधान नोंदवून मगच कोठडी द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार प्रकरणात 2014 मध्येच बजावलं आहे. रिमांडचा आदेश हातात आला की आधी तेच समाधान शोधा.

मग काळा घोड्याला सत्र न्यायालयात गेलो. तिथे दोषारोप निश्चित होताना, म्हणजे कोणत्या गुन्ह्यांसाठी खटला चालेल ते ठरताना पाहिलं, कारणं न देता. भाचा अस्वस्थ झाला. पण कायदाच तसा आहे: आरोपीला दोषमुक्त करायचं तर नव्या संहितेच्या कलम 250 प्रमाणे कारणं नोंदवावी लागतात, दोषारोप ठेवताना कलम 251 तसं मागत नाही. कांती भद्र शाह प्रकरणात 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही जुन्या कायद्याबद्दल हेच सांगितलं. मला ते पटतं. तिथे लांबलचक कारणं लिहिली तर पुरावा ऐकण्याआधीच निकाल लागल्यासारखं होईल.

समन्सचं मात्र पटत नाही. फिर्याद फेटाळताना थोडक्यात कारणं लिहा, असं कलम 226 म्हणतं. माणसाला आरोपी म्हणून बोलावणाऱ्या 227 मध्ये तेवढेही शब्द नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या पेप्सी फूड्स निकालाने 1997 मध्ये ती उणीव बरीच भरून काढली: आरोपीला बोलावणं ही गंभीर गोष्ट आहे, विचार केल्याचं आदेशात दिसलं पाहिजे. शिवाय नव्या कलम 223 मुळे खासगी फिर्यादीची दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. ती नोटीस आली तर घरी ठेवून देऊ नका, लेखी म्हणणं घेऊन जा.

तुमच्या घरातलं प्रकरण असेल तर प्रत्येक तारखेचा रोजनामा (त्या दिवशी काय झालं याची कोर्टातली नोंद) वाचा, आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल लगेच मागा आणि 16 अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रकरणाचा ओळख क्रमांक) लिहून ठेवा. ई-कोर्ट्स ॲपवर पुढची तारीख त्यावरून मिळते. परतीच्या गाडीत भाच्याने भावाचा तो जुना आदेश मागितला. मी फाईल सोबतच आणली होती.