किलोवर गेलेली शाळा

काल दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. अंबाजोगाईत उन्हाळ्यात दुपारी कोण फोटो काढायला येतंय? काउंटरमागं बसून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधले जुने फोटो मोबाइलवर बघत होतो. त्यात १८४६चं कॅपिटल, म्हणजे वॉशिंग्टनमधली अमेरिकेच्या संसदेची इमारत निघाली, फोटो जॉन प्लम्बनं काढलेला. घुमट ओळखूच येईना! बुटका, पालथ्या घमेल्यासारखा. तो लाकडी होता म्हणे, वरून तांब्याचा पत्रा. १८५५ साली उतरवला आणि त्या जागी आजचा उंच बिडाचा घुमट चढवला.

प्लम्बचा फोटो म्हणजे डॅगेरोटाइप. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा, तो आरशासारखा घासायचा, आयोडीनची वाफ द्यायची, कॅमेऱ्यात उजेड दाखवायचा आणि मग पाऱ्याच्या वाफेवर चित्र उठवायचं. (पाऱ्याच्या! आमच्या अण्णांचं डोकं तर फोटो पक्का करायच्या नुसत्या हायपोच्या वासानं उठायचं.) यात निगेटिव्ह नाहीच. पत्रा गेला की फोटो गेला. आणि प्लम्बचे हे पत्रे १९७२ साली कुठं सापडले, तर कॅलिफोर्नियातल्या जुन्या बाजारात.

हे वाचलं अन् माझ्या पोटात कालवलं.

अण्णा गेल्यावर मी त्यांच्या निगेटिव्हची तीन पोती विकली. एक्स-रे फिल्म घेणारा दारात आला होता, त्यातून चांदी काढतात. किलोवर दिली, वर चहा पाजला. मागच्या वर्षी आमची निजामाच्या काळातली दगडी शाळा पाडली, तेव्हा जुनी पोरं विचारत आली, "तुझ्याकडं तर असंलच की फोटो." काय सांगणार?

अमेरिकेतला आज उरलेला सगळ्यात जुना फोटो ज्याला मानतात, त्यातही शाळाच आहे. १८३९, फिलाडेल्फिया. टांकसाळीत काम करणाऱ्या जोसेफ सॅक्स्टननं सिगारच्या डब्याला भिंग बसवून काढलेला.

रात्री सगळी कपाटं उपसली. लग्नांच्या अल्बमखाली एक प्रिंट निघाला, कडेनं पिवळा, काळ्या भागावर चांदीची झाक आलेली. कमान, पायऱ्या, लिंबाचं झाड, सगळं ठसठशीत. फक्त घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा हललेला आलाय. अण्णांनी लाकडी कॅमेऱ्याची टोपी काढली, त्याच्या जरा आधी कुणीतरी टोला दिला असणार.