कमानींखालून फाउंटनपर्यंत

मुंबईत भर पावसात व्हीटीहून (आताचं सीएसएमटी) फ्लोरा फाउंटनला चालत जायचं असेल, तर छत्री उघडायची घाई करू नये. डी. एन. रोडच्या, म्हणजे दादाभाई नौरोजी रोडच्या, कमानींखाली शिरावं. गल्ली आडवी आली की चार पावलं भिजायचं, पुन्हा कमानीत.

ही सोय कुणा दानशूर शेटजींची नव्हे, सरकारी नियमाची. इथे पूर्वी कोटाची तटबंदी होती. 1860च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात ती पाडली आणि आतला हॉर्नबी रोड, म्हणजे आजचा डी. एन. रोड, रुंद झाला. म्हणून पूर्वेला आत वळलात की बझारगेटकडच्या दाटीच्या जुन्या गल्ल्या लागतात, आणि पश्चिमेला मैदानाच्या अंगाला सगळं ऐसपैस. 1896मध्ये नियम आला: तळमजल्यावर चालणाऱ्यांसाठी कमानींची वाट सोडा. वर काय करायचं ते ज्याचं त्याने पाहावं. मग काय, कुणी गॉथिक टोकं काढली, कुणी ग्रीक वळणाचे खांब उभे केले. खाली मात्र सगळे गुपचूप एका ओळीत. बाल्कनीसुद्धा खोलीत घेणाऱ्या या शहरात मालकांनी इतकी जागा सोडली, यावर आज कुणाचा विश्वास बसणार नाही.

त्या वाटेवर आता फेरीवाले. दोन खांबांमध्ये सुतळी, सुतळीला कमरेचे पट्टे. खांबावरच्या दगडी पानाच्या बेचक्यात कुणाची तरी डब्याची पिशवी अडकवलेली. खाली चावीवाला कानस घासतोय, मांडीवरच्या फडक्यावर पितळेचा पिवळा कीस. आपण अंग चोरून जायचं. वैताग येतो, नाही असं नाही. पण नुसत्या रिकाम्या कमानी बघायला मी तरी वाट वाकडी केली नसती.

फाउंटनच्या टोकाला दादाभाई नौरोजींचा पुतळा आहे. इंग्रज या देशातून किती संपत्ती नेतात, याचा हिशेब मांडणाऱ्या माणसाचं नाव बँकांच्या आणि पेढ्यांच्या या रस्त्याला मिळालं, हे झकास झालं. गव्हर्नर हॉर्नबीचं नाव गेलं म्हणून कुणी हळहळायला नको, महालक्ष्मी-वरळीचा बांध होताच की त्याच्या नावावर. आता त्या बांधावरच्या रस्त्यालाही लाला लजपतराय मार्ग म्हणतात, त्याला कोण काय करणार!