जोडवी काढली तेव्हा

श्रावणात येळ्ळूरच्या शिवारात भाताची भांगलण चालू होती. सकाळी बांधावर चप्पल काढायची आणि संध्याकाळी घरी निघतानाच घालायची, असे पंधरा दिवस गेले. शुगर मला अकरा वर्षांपासून आहे. गोळ्या चालू होत्या, पण कामाच्या गडबडीत रात्रीची गोळी बऱ्याचदा चुकायची.

एका सकाळी सून फरशी पुसत होती. मध्येच थांबून तिनं हाक मारली, "आत्या, कुणाच्या पायाला लागलंय बघा की." तुळशीकट्ट्यापासून देवघरापर्यंत फरशीवर लालसर ओले ठिपके होते. मी आधी नातवाचे पाय बघितले, मग मालकांचे. माझे बघायचं मनातही आलं नाही, कारण मला काहीच दुखत नव्हतं. शेवटी सुनेनंच माझा उजवा पाय हातात घेतला. अंगठ्याशेजारचं बोट सुजून जांभळं झालं होतं, जोडव्याचा वेढा मांसात रुतला होता आणि खालून पू येत होता. दोन्ही बाजूंच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या. त्या बोटावर मी तुळशीला पाणी घातलं, पूजा केली, चहा केला, आणि मला पत्ताच नव्हता.

तरी मी आठ दिवस घालवले, ते आज सांगताना जिवाला लागतं. हळद आणि खोबरेल तेल लावलं. जवळच्या एका दवाखान्यात गेले, तिथं वरवर बघून गोळ्या दिल्या. जोडवं काढा असं त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही काढलं नाही. लग्नात घातलेलं जोडवं तेहतीस वर्षांत एकदाही बोटातून निघालं नव्हतं. पायातून वास यायला लागल्यावर मुलगा मला बेळगावला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला.

तिथल्या डॉक्टरांनी जखमेच्या आधी दोन्ही पाय तपासले. त्यांच्या हातात एक नायलॉनचा जाड दोरा होता. तो कातडीवर टेकवून वाकेपर्यंत दाबला की बरोबर दहा ग्रॅम भार पडतो, म्हणाले. "मावशी, डोळे मिटा. लागलं की हो म्हणा." मी डोळे मिटून बसले. बाहेर एक मूल रडत होतं, पंख्याचा आवाज येत होता. मी वाट बघत राहिले. एकदा घोट्याजवळ काहीतरी लागलं, तेव्हा हो म्हटलं. पुन्हा बराच वेळ काही नाही. शेवटी मीच विचारलं, "डॉक्टर, सुरू कधी करणार?"

"झालं की, मावशी. दोन्ही तळपायांना लावून झालं."

मी डोळे उघडले. मुलगा खाली मान घालून उभा होता. मला खरी भीती तेव्हा वाटली. जखम बघून वाटली नव्हती.

मग त्यांनी समजावलं. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की नसा खराब होतात, आणि सगळ्यात लांबच्या नसा पायाच्या, म्हणून बधिरपणा आधी तिथं येतो. घाम कमी होतो, कातडी कोरडी पडून भेगा जातात. काटा रुतला, चप्पल चावली, भाजलं, तरी कळत नाही. दुखत नसल्यानं माणूस त्याच पायावर चालत राहतो आणि जखम आत शिरते. पायाच्या वर आणि घोट्यामागे बोटं ठेवून त्यांनी नाडी बघितली. नाडी चांगली लागत होती. "रक्त पोचतंय, बोट वाचेल. पण जोडवं आत्ता कापायला हवं."

मी मालकांकडे बघितलं. ते दाराशी उभे होते. म्हणाले, "जोडवी काय करायचीत? पाय राहिला पाहिजे की." एवढंच बोलले आणि बाहेर जाऊन बसले. कातरीसारख्या छोट्या हत्यारानं चांदी कापताना बारीक आवाज आला. डाव्या पायातलं जोडवं मी घरी येऊन साबण लावून स्वतःच काढलं.

एक्स-रेमध्ये हाड शाबूत निघालं. मेलेली कातडी कापून जखम साफ केली, तेही मला दुखलं नाही. रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी (एचबीएवनसी) दहाच्या वर होती, म्हणून इन्सुलिन सुरू झालं. एक दिवसाआड ड्रेसिंग होतं. सगळ्यात अवघड गेलं ते पाय टेकवायचा नाही हे. पुढच्या बाजूला तळ नसलेली, टाचेवर भार घेणारी चप्पल दिली होती. संडासला जातानाही तीच घालायची. भांगलण राहिली, गणपतीत पाहुण्यांचं सगळं सुनेवर पडलं. मी पाटावर पाय ठेवून खुर्चीत बसून वाटाणे सोलले. जखम भरायला दहा आठवडे लागले.

जखम भरली त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की अशी जखम बरी झालेल्या दहातल्या जवळपास चार जणांना वर्षाच्या आत पुन्हा जखम होते. "पायाला जे कळत नाही ते आता डोळ्यांनी बघायचं." पायाच्या काळजीचा कागद दिला तो कन्नडमध्ये होता. नातू कन्नड वाचतो, त्यानं मोठ्यानं वाचून एकेक ओळ मराठीत सांगितली. तेव्हापासून रात्रीची तपासणी त्याच्याकडे आहे. मी पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसते, तळव्याला आणि टाचेला तेल लावते, बेचक्यांत अजिबात नाही. मग तो मोबाइलचा उजेड धरतो आणि मी हातआरशात तळवा बघते. नखं सून सरळ कापते, कोपरे खोल घेत नाही. कुरूप झालंच तर औषधाच्या पट्ट्या लावायच्या नाहीत, ब्लेडनं कापायचं नाही, दाखवायला जायचं. थंडीत शेकोटीकडे पाय करून बसणं आणि गरम पाण्याची पिशवी दोन्ही बंद. अंघोळीचं पाणी सुनेच्या कोपराला सोसलं तरच माझ्या पायावर.

घरातही अनवाणी फिरत नाही. एमसीआर नावाच्या मऊ रबराच्या तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल घेतली, तीही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. घालण्याआधी हात घालून बघायचं असं सांगितलं होतं. मला ते उगाचचं वाटायचं. एक दिवस गिरणीवरून दळण घेऊन आले आणि चप्पल काढली तर आत हरभऱ्याएवढा जांभ्याचा खडा. तो तळव्याखाली घेऊन मी जाऊन आले होते. तळव्यावर लाल खूण उठली होती, कातडी फुटली नव्हती. त्या दिवसापासून न झाडता चप्पल घालत नाही.

सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर अनवाणी जायचा माझा जुना नवस होता. यंदा गेले ते चप्पल घालून. देवळाच्या आत पांढरे सुती मोजे घातले, घरी येऊन लगेच पाय बघितले. अनवाणी का नाही, असं दोघी-तिघींनी विचारलं. आई लेकराचा पाय जाऊ देईल का, असं मी त्यांना म्हटलं, आणि मला ते मनापासून वाटतं.

परवा जाऊबाई आल्या होत्या. त्यांनाही शुगर आहे. मी बळेच त्यांचे तळवे बघितले. टाचांना बोट शिरेल एवढ्या भेगा. "मला काय दुखत नाही गं," म्हणाल्या. मंगळवारी माझी तपासणी आहे, दर दोन महिन्यांनी बोलावतात. माझ्याबरोबर बसनं त्याही येणार आहेत. जोडवी काढायला अजून तयार नाहीत. सैल करून घ्यायला सराफाकडे दिली आहेत, तेवढं तरी झालं.