रॉसमचे प्रश्न

आवडतं गाणं कुठलं? पहिलं चुंबन आठवतं? शेवटचं चवीनं जेवलास ते कधी?

रॉसम नावाचा शास्त्रज्ञ हे विचारतो आणि समोरच्याकडे उत्तर नसतं. हा भाग पूर्वी पाहिलेला, पण काल इथून पुढे जाववेना. चित्र थांबवलं आणि त्या निरुत्तर चेहऱ्याकडे बघत बसले. 'बॅटमॅन: द ॲनिमेटेड सिरीज' या कार्टून मालिकेतला 'हिज सिलिकॉन सोल', 1992 चा. गोदामातल्या पेटीतून बाहेर पडतो तो स्वतःला बॅटमॅनच समजत असतो. गोळी लागते आणि जखमेत तारा दिसतात. तरी त्याला वाटतं, आपलं मन कुणीतरी काढून या यंत्रात घातलंय. म्हणून तो रॉसमकडे जातो, मला पुन्हा माणूस कर म्हणून. रॉसम सांगतो, तू माणूस कधी नव्हतासच, माणसांच्या जागी यंत्रं आणू बघणाऱ्या माझ्याच हार्डॅक संगणकानं केलेली नक्कल आहेस. तुझ्याकडे आठवणी नाहीत, नुसती माहिती आहे. आणि मग ते प्रश्न.

ताई परवा फोनवर हेच म्हणाली. "तुला कुठले आठवणार बाबा? आम्ही सांगितलेलंच बोलतेस तू." रागानं नाही, सहज.

मला बाबांचं सगळं ठाऊक आहे. जन्मतारीख, उंची, डावखुरे होते ते. सहीखाली ओढायचे ती रेघ, शेवटाकडे किंचित वर जाणारी. ती रेघ जुन्या कागदांवर पाहिलीय. ओढणारा हात पाहिलाय का? डोळे मिटून आठवू बघते, तर फोटोतला हात येतो, खुर्चीच्या दांडीवर ठेवलेला. तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं बहुतेकांना आठवत नाही म्हणतात. नसेल आठवत. पण बाबांसोबतची वर्षं ताईच्या वाट्याला आली, माझ्या नाही, आणि ते तिनंच मला ऐकवावं? फार लागलं ते. अजून लागतंय.

आई त्यांच्याबद्दल कधी बोललीच नाही. असो.

शेवटी भाग पुढे नेला. खरा आणि नक्कल, दोघांनाही आवाज केविन कॉनरॉयचा. त्यामुळे 'मला आठवणी आहेत' असं तो ओरडतो तेव्हा त्यात कुठेही खोट ऐकू येत नाही. मग बॅटमॅनच्या गुहेतली झुंज. खरा बॅटमॅन दरीत कोसळतो, मेला असंच याला वाटतं, आणि हा खचतो. आपल्या हातून जीव गेला! कुणाचा जीव घ्यायचा नाही, हे यानं स्वतः कधी ठरवलं होतं? तेही त्याच्यात ओतलेलंच. तरी त्याचा भार त्यालाच सोसवत नाही. हार्डॅकचा डाव जगभर पसरायच्या बेतात असतो आणि तो ती यंत्रणा फोडून टाकतो, स्वतःसकट. नंतर खरा बॅटमॅन आपल्या बटलरला, आल्फ्रेडला विचारतो, त्याला आत्मा असेल का?

मला विचाराल तर होता. तिथे मी रडले, आणि या वेळी ते रडणं स्वतःसाठी नव्हतं.

सही करताना मीही खाली रेघ ओढते. कुणी शिकवली नाही, त्या कागदांवरून उचलली. हात उजवा आहे, म्हणून तिचा कल जरा वेगळा पडतो. पण ती ओढल्याशिवाय मला सही पुरी झाल्यासारखी वाटत नाही.

माझे बाबा ताईच्या सांगण्यातून झाले असतील तर असू देत. ताईचे तरी जसेच्या तसे कुठे राहिले असणार, इतक्यांदा सांगून सांगून तिचेही बदललेच असतील. तिच्यावरचा राग गेला म्हणणार नाही. कमी झालाय.

रविवारी तिला विचारणार आहे, बाबांना गाणं कुठलं आवडायचं, आणि ते मोठ्यानं म्हणायचे की नुसतं गुणगुणायचे. नक्की आठवत नसेल तर अंदाजानं सांगू दे. मी ते शिकून घेणार आहे.