जॅकवेलपाशी थांबलेले चित्र

पाण्याखाली फिरणारी कॅमेऱ्याची यंत्रे आम्ही स्वतः बांधतो असे सांगितले, की लोक मोटारींविषयी आणि खोलीविषयी विचारतात. केबलविषयी सहसा कोणी विचारत नाही. वायफायच्या लहरी पाण्यात हातभर अंतरातच विरतात, त्यामुळे कॅमेऱ्याला जे दिसते ते केबलमधूनच वर आणावे लागते, आणि आमची निम्मी डोकेदुखी तिथेच असते. गेल्या उन्हाळ्यात एका नगरपालिकेच्या जॅकवेलवर, म्हणजे गावासाठी पाणी उपसायच्या विहिरीवर, जे घडले, त्याचा गुंता मला अजून पुरता सुटलेला नाही.

धरणाच्या फुगवट्यात उभ्या असलेल्या त्या जॅकवेलमध्ये पाणी पुरेसे शिरत नव्हते. पाणबुडे बोलावण्याआधी तोंडावरची गजांची जाळी वरपासून तळापर्यंत पाहून घ्यावी, एवढेच काम होते आणि तेवढ्यापुरते पंप बंद राहणार होते. जॅकवेलच्या माथ्यावरून यंत्र चालवले असते तर थोडक्या केबलीत भागले असते. पण साहेबांना काठावरच्या पॅनेलरूममध्ये, पंख्याखाली बसून, मोठ्या टीव्हीवर चित्र पाहायचे होते. त्यामुळे केबल जॅकवेलपासून काठापर्यंतचा सगळा पूल ओलांडून, मोटारींच्या जाड केबलींना खेटून, दोनशे मीटर न्यावी लागली. त्यातून त्या मोटारी व्हीएफडीवरच्या, म्हणजे मोटारीचा वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणावरच्या. व्हीएफडी मोटारीला वीज देताना ती सेकंदाला हजारो वेळा तोडून जोडून देतो, आणि त्या प्रत्येक तोडजोडीचा कचरा शेजारच्या तारांत उतरतो.

आमची केबल म्हणजे नेटवर्कचीच साधी कॅट-५ई, चार पिळाच्या जोड्यांची. ताण घ्यायला सोबत नायलॉनची दोरी बांधलेली. तिच्यातून वीज पाठवण्याचा मोह आम्ही केव्हाच सोडला आहे. २४ गेजच्या तारेची जाऊन-येऊन शंभर मीटरला सुमारे १७ ओहम रोध होतो, म्हणजे एक अँपिअर ओढला तरी १७ व्होल्ट वाटेतच संपतात. म्हणून बॅटरी यंत्राच्याच पोटात बसते. उरला चित्राचा प्रश्न. साधे इथरनेट शंभर मीटरपर्यंतच खात्रीने चालते. त्यापुढे घरगुती यंत्रे बांधणारे बहुतेक जण होमप्लगकडे वळतात. घरातल्या विजेच्या तारांवरून इंटरनेट नेणारे ते मोडेम एकाच जोडीवरून काही शे मीटर सहज बोलतात आणि त्यावरून एच.२६४ पद्धतीने दाबलेले डिजिटल चित्र सुरेख येते. आमचे मुख्य चित्र पहिल्या जोडीवरून तसेच येत होते.

दुसऱ्या जोडीवर मी हट्टाने एक जुना अ‍ॅनालॉग कॅमेरा ठेवला आहे. त्याचा ७५ ओहमचा पाल सिग्नल, म्हणजे जुन्या टीव्हीच्या पद्धतीचा, दोन्ही टोकांच्या बालन नावाच्या छोट्या जोडणीतून पिळाच्या जोडीवर चढतो आणि उतरतो. जोडीच्या दोन्ही तारांवर गोंगाट सारखाच पडतो आणि वरच्या बालनमध्ये वजा होतो, निदान बराचसा. रंगाची माहिती ४.४३ मेगाहर्ट्झवर बसलेली असते, आणि लांब केबल वरच्या कंप्रता आधी खाते. म्हणून दोनशे मीटरवर रंग फिकटतात, कडा मऊ होतात. माझा तरुण सहकारी त्याला भंगार म्हणतो. चित्रापुरते बोलायचे तर त्याचे खरे आहे. तिसऱ्या जोडीवरून आरएस-४८५ने, म्हणजे आकडे तारेवरून पाठवण्याच्या एका साध्या पद्धतीने, खोली आणि दिशा येते. चौथी मोकळी.

जाळीचा वरचा भाग स्वच्छ होता. टीव्हीवर गज इतके स्पष्ट दिसत होते की त्यांवरचा गंज मोजता आला असता. साहेब खूश झाले. तेवढ्यात गावातली टाकी रिकामी झाल्याचा कोणाचा तरी फोन ऑपरेटरला आला आणि त्याने आम्हाला न विचारता एक पंप सुरू केला. आपल्याकडे पाणीपुरवठ्यात लेखी परवानगीपेक्षा नगरसेवकाचा फोन मोठा असतो.

टीव्हीवर काहीच बिघडले नाही, हेच भयंकर होते. गज तसेच स्वच्छ, स्थिर. वर कोपऱ्यात खोलीचे आकडे हलत होते, दिशेचा काटा डुलत होता, कारण ते चित्रावर वरचा लॅपटॉप रेखाटतो आणि त्यांची जोडी संथ आकड्यांची, गोंगाटाला दाद न देणारी. प्रत्यक्षात मोडेम गुदमरले होते, नवी पूर्ण चौकट पोहोचत नव्हती आणि प्लेअर शेवटचे चांगले चित्र धरून बसला होता. शेजारच्या छोट्या अ‍ॅनालॉग पडद्यावर मात्र तिरक्या पट्ट्यांचा पाऊस सुरू झाला, रंग पार गेला, आणि त्या पट्ट्यांमागे गज मोठे होत होते. गाळाचे कण कॅमेऱ्याकडून जाळीकडे धावत होते. आकड्यांतली खोली वाढत होती. यंत्र ओढले जात होते.

“सर, टीव्हीवर तर जागेवरच आहे,” सहकारी म्हणाला. मी त्याला पूर्ण उलटा वेग द्यायला सांगितले, जॅकवेलवरच्या मुलाला फोनवर दोरी ओढायला लावले, आणि ऑपरेटरकडे पाहून जे ओरडलो ते इथे लिहिण्यासारखे नाही. व्हीएफडीमुळे पंप हळूहळू वेग घेतो; ज्याने चित्र मारले त्यानेच आम्हाला सवड दिली. पंप थांबेपर्यंत यंत्र तळाच्या कप्प्यासमोर पोहोचले होते आणि त्या काळ्या-पांढऱ्या, पट्ट्यापट्ट्यांच्या चित्रात गजांना लपेटलेले मच्छीमारी जाळे दिसले. गाठी ओळखू येत होत्या. मधून प्लास्टिकचे तुकडे फडफडत होते. पाणी का शिरत नाही, त्याचे उत्तर तिथे होते. त्यानंतर शहराचे पाणी आणखी थांबवता येत नाही म्हणून आम्हाला यंत्र बाहेर काढायला सांगण्यात आले.

अहवालाला मी दोन्ही चित्रफिती जोडल्या आणि कोणती कुठल्या खोलीवरची आहे ते लिहिले. कार्यालयातून निरोप आला, की दुसरी “क्लिअर नाही”, ती वगळावी. फाइलमध्ये शेवटी थांबलेल्या चित्राचा रंगीत फोटो गेला, खाली ओळ अशी: जाळी सुस्थितीत आढळली. फोटो खोटा नाही. तो वरच्या भागाचा आहे आणि वरचा भाग खरोखरच सुस्थितीत होता. कोणी मुद्दाम फसवले असेही मला म्हणता येत नाही. तळाच्या जाळ्याविषयी मी वेगळे पत्र दिले, त्याची पोच माझ्याकडे आहे; पुढची निविदा मात्र पंप दुरुस्तीची निघाली.

आता आम्ही वेळ आणि खोली यंत्रातच, चित्र दाबण्याआधी, चित्रावर छापतो, म्हणजे चित्र थांबले की आकडेही थांबतात. सहकाऱ्याने हे काम स्वतःहून केले, आणि अ‍ॅनालॉग कॅमेऱ्याची काचही त्यानेच बदलली. त्याच कार्यालयाने परवा दुसऱ्या एका जॅकवेलसाठी विचारणा केली. अटींमध्ये एक ओळ होती, की चित्रफितीवर आकडे नसावेत, फोटो नीट येत नाही. मी दर कळवला आहे आणि त्या अटीपुढे “अमान्य” असे लिहिले आहे.